यमानचं एकुलतेपण

यमानचं नाव तुम्ही कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पेर्निकच्या पलीकडे कोळशाच्या खाणींचं एक गाव आहे. त्या गावाचा क्लब बल्गेरियाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतो आणि यमान त्या क्लबात बचावाला, डाव्या बाजूला असायचा. डाव्या बाजूच्या बचावपटूचं नाव एरवी फक्त त्याच्या आईला ठाऊक असतं, आणि त्याच्या बाजूने गोल झाला की मग सगळ्या गावाला.

माझं सोफियात 'बायकांचा बाजार' म्हणतात त्या भाजीमंडईमागे कॉफी आणि दाणे भाजायचं दुकान आहे. चौऱ्याऐंशी साली सीरियातल्या सलमियाहून इथे खाणकामाचं शिक्षण घ्यायला आलो, त्सवेतानाशी लग्न केलं, आणि खाणीत आजवर पाऊल टाकलेलं नाही. लोक मला अबू रीम म्हणतात. बाप पोराच्या नावाने ओळखला जातो ही आमची रीत. मला एक मुलगीच, रीम. मग तिच्या नावाने काय कमी झालं? गल्लीतल्या काहींना सुरुवातीला ते चमत्कारिक वाटलं. त्यांना मी खारे पिस्ते महाग लावले.

यमान, आमच्याच सलमियाचा, आला तो सोळा सालच्या शरदात. वय एकोणीस, खांद्यावर एक पिशवी, पायांत बूट चकचकीत. फवाज न्हाव्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून. पोरगा तिथे दाढीला बसला आणि सहज बोलून गेला की विमानाने आलो. फवाजचा वस्तरा तिथेच थांबला.

"विमानाने?"

"हो. बैरूतहून."

"आणि सीमेवर कुणी अडवलं नाही?"

"नाही."

"एकोणीस वर्षांचा घोडा, अंगात दोन माणसांची ताकद, आणि लष्करवाल्यांनी हात हलवून निरोप दिला. कुणाचा जावई रे तू?"

आमच्या गल्लीत सगळे युद्धातून पळालेले, तुर्की सीमेवरचं जंगल चालत ओलांडून आलेले, कुणाच्या पायाची बोटं थंडीने गेलेली. विमानाने येणारा माणूस म्हणजे कुणाचा तरी माणूस, हे आम्ही धरूनच चालायचो. पोरगा गडबडला. साबण लावलेल्या तोंडानेच म्हणाला, "मी एकुलता आहे हो."

मग सगळ्यांनी श्वास सोडला. एकुलत्या मुलाला लष्करात नेत नाहीत. पाच बहिणींच्या पाठीवर हा एक. बाप दर वर्षी भरतीच्या कचेरीत जाऊन सांगायचा, अजून एकटाच आहे. साहेब बापाकडे बघायचा, आईचं वय विचारायचा, आणि आणखी एक वर्ष शिक्का मारून द्यायचा. त्या शिक्क्यावर यमानचा पासपोर्ट आणि पासपोर्टवर त्याचा फुटबॉल.

त्याला इथे आणणाऱ्या दलालाने पहिल्या श्रेणीतला क्लब कबूल केला होता. मिळालं खाणवाल्यांचं गाव, जिथे मैदानाच्या एका टोकाला बकऱ्या चरायच्या. तिथला प्रशिक्षक क्रुम, सगळे त्याला बाय क्रुम म्हणायचे, म्हणजे आपला दादाच. साठीचा, पोट सुटलेलं, तोंडात सतत शिवी. पहिल्याच सरावात यमानला म्हणाला, "तुझ्यात कला नाही. बरं झालं. कलावंत पावसात घरी पळतात." आणि खरंच, पोरात कला नव्हती. दम होता. नव्वदाव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखा धावायचा, आणि बाजूच्या रेषेवरून चेंडू असा लांब फेकायचा की खाणवाले 'मार, सीरियन, मार' म्हणत उभे राहायचे.

शनिवारी आम्ही फवाजच्या गाडीत कोंबून तिथे जायचो. माझ्या दुकानातल्या सूर्यफुलाच्या बिया बरोबर. बिया सोलणं ही एकच गोष्ट आमच्यात आणि बल्गेरियनांत जन्मापासून सारखी. खाणवाले आमच्या पुड्यांतून घ्यायचे आणि आमच्या पोराला शिव्या घालायचे. आम्हीही घालायचो. आपलं पोर असलं की शिव्या घालायला मोकळीक असते.

पण गल्लीला यमान हवा होता तो खेळापायी नव्हे. तो घरी जाऊ शकत होता. आमच्यापैकी कुणीच जाऊ शकत नव्हतं. मी तर आधी भरतीच्या भीतीने गेलो नाही, आणि अकरा साली तिकडच्या सरकारविरुद्धच्या एका मोर्चात पुढे उभा राहून फोटो काढून घेतला, आता भोगतोय. यमान वर्षातून दोनदा जायचा, हिवाळ्याच्या सुट्टीत आणि उन्हाळ्याच्या. त्याआधी आठवडाभर माझ्या दुकानात रांग लागायची. कुणाच्या बापाची साखरेची औषधं, कुणाच्या मावशीचा चष्मा, नवजात नातवाचा फोटो, तोही फ्रेम करून, कारण फोनवरचा फोटो आजीला हातात धरता येत नाही. येताना पिशवीत वांगी आक्रोड भरून तेलात मुरवलेली, अंजिरं, आणि नळीने ओढायचा आमचा तो कडू पाल्याचा चहा. चहा इथेही मिळतो. पण सलमियाच्या दुकानातला हवा, हा आमचा हट्ट.

एकदा त्याने माझ्यातर्फे माझ्या मोठ्या बहिणीचा, वफाचा, हात चुंबला. तिने त्याला फाडकन एक ठेवून दिली आणि म्हणाली, "ही अबू रीमला पोचव. पस्तीस वर्षांत आला नाही मेला." पोरगा प्रामाणिक. दुकान भरलेलं असताना माझ्यासमोर उभा राहून विचारतो कसा, "काका, आत्ता देऊ की बंद झाल्यावर?"

घरी फोन लावायला तो माझ्याच दुकानात यायचा, कारण त्याच्या खोलीत नेट धड चालत नसे. फोन मोठ्या आवाजावर. त्याच्या आईचं, उम्म यमानचं, पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवलास का आई?" आमच्याकडे आई लेकराला 'आई' म्हणूनच हाक मारते, बाप पोराला बाबा म्हणतो, आजी नातवाला आजी. आपलं नातं लेकराच्या अंगावर पांघरायचं. त्सवेतानाला हे इतक्या वर्षांत पटलेलं नाही. "तो आई, ती आई, मग स्वयंपाक कोण करतं?" असं विचारते.

अठरा सालच्या उन्हाळ्यात तो घरून परत आला आणि पिशवी न उघडताच बसला. "आईला दिवस गेलेत," म्हणाला.

फवाजने टाळीच दिली. "वा रे अबू यमान! सायकली दुरुस्त करता करता!" यमानचा बाप गावात सायकलींचं आणि मोटारसायकलींचं दुकान चालवायचा. "वय काय आईचं?"

"पंचेचाळीस."

"आमच्या पाण्यातच काहीतरी आहे," मी म्हणालो. सगळे हसले. मग हळूहळू हसणं ओसरलं, कारण एकेकाच्या लक्षात आलं. मुलगी झाली तर ठीक. मुलगा झाला तर यमान एकुलता उरत नाही. एकुलता नाही म्हणजे शिक्का नाही, आणि शिक्का नसताना जो सीमेवर पाऊल टाकेल त्याला तिथूनच बराकीत नेणार. पैसे भरून सुटायची सोय होती, पण त्याला परदेशात सलग काही वर्षं काढावी लागत, आणि हा तर दर सुट्टीत घरी पळालेला.

आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या लोकांना मुलगी व्हावी म्हणून दुवा मागताना पाहिलं. ज्यांनी माझ्या रीमच्या जन्माला 'पुढच्या वेळी मुलगा होवो' म्हणून मिठाई खाल्ली होती, तेच हे लोक. मला त्या दुःखातही जरा मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

मुलगा झाला. नोव्हेंबरात, घरीच, सुईणीच्या हातून. नाव तैम.

यमानला फोन आला तेव्हा तो पोत्यावर बसून बूट बांधत होता. "भाऊ झाला!" असा ओरडला, उठला, मला मिठी मारली, आणि मग मिठीतच त्याचं अंग सैल पडलं. मी धरून ठेवला. दुसरं काय करणार?

पण सलमियाचे लोक गप्प बसणारे नाहीत. तीन दिवसांनी बापाचा फोन आला. काम झालं होतं. सुईण बापाची चुलतबहीण. मोठी मुलगी रुबा लग्नाला आठ वर्षं होऊन कोरीच होती. हकीम झाले, दर्ग्याला चिंध्या बांधून झाल्या. तैमची नोंद रुबा आणि तिचा नवरा मुहन्नद यांच्या नावावर केली. कागदावर तैम यमानचा भाचा. यमान पुन्हा एकुलता.

"मला विचारलंत का?" यमान म्हणाला.

"तुला काय विचारायचं, बाबा?" बाप म्हणाला. "तुला घरी यायचंय की नाही?"

मागून आईचा आवाज आला, बाळंतिणीचा, थकलेला. "कागदावर गेलाय रे. कुशीतून थोडाच जातोय."

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी आम्ही गल्लीत मिठाई वाटली. सुटलो असं वाटलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. रुबा त्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायची. पोर दिवसभर आजोळी, म्हणजे आईकडेच. दूध आईचंच. कागद काय, कपाटात पडून असतो.

त्या हिवाळ्यात यमान जाऊन आला आणि तैमचे फोटो दाखवत फिरला. पुढच्या उन्हाळ्यातही. मग साथीचं वर्ष, सीमा बंद. त्यानंतर गेला तेव्हा तैम बोलायला लागला होता, आणि परत आला तो गप्पगप्प.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो रुबाला आई म्हणतो."

"म्हणणारच. शेजारीपाजारी तसंच सांगतात त्याला."

"आणि आईला आजी म्हणतो." तो चहाची नळी दातांत धरून बसला. "काका, चारचौघांत आईलाही त्याला 'आजी' म्हणूनच हाक मारावी लागते. ये रे आजी, जेव रे आजी. एकदा शेजारीण बसलेली, तैम पडला, आणि तिच्या तोंडून 'अगं आई गं, लागलं का आई?' असं गेलं. मग ती शेजारणीकडे बघून हसली, म्हणाली, म्हातारी झाले, काहीही बोलते." त्याने नळी खाली ठेवली. "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारी झाली ती. माझ्यापायी."

"तुझ्यापायी नाही, त्या शिक्क्यापायी," मी ओरडलो. मला राग कुणावर काढावा कळेना, म्हणून त्याच्यावर काढला. "उठ, ते पोतं आत ठेव."

आता ऐका, खेळात काय चाललं होतं ते. बाविसाव्या वर्षी तो क्लबाचा कप्तान झाला. पहिल्या श्रेणीतले दोन क्लब चौकशी करून गेले. पण उन्हाळ्यात संघबांधणी सुरू होते तेव्हा हा सलमियात, बैरूतच्या रस्त्यावर अडकून आठ-दहा दिवस उशिरा यायचा. बाय क्रुम चिडायचा. "तुला खेळाडू व्हायचंय की पोस्टमन?" यमान ऐकून घ्यायचा. मला एकदा म्हणाला, "माझं घरी जाणं एवढं महाग पडलंय आईला, काका, मी गेलोच नाही तर मग ते कशासाठी केलं?" इकडे आड तिकडे विहीर.

बावीस सालच्या जानेवारीत बाय क्रुम स्वतः माझ्या दुकानात आला. हातात घरी गाळलेल्या दारूची, रकियाची, बाटली. पहिल्या श्रेणीतल्या एका चांगल्या क्लबाचा प्रशिक्षक त्याचा जुना मित्र. त्यांचं हिवाळी शिबिर तुर्कस्तानात, अंताल्याला. डाव्या बाजूला माणूस हवा होता.

"तीन आठवडे," बाय क्रुम म्हणाला. "तिथे धावला की झालं, बाकी मी बोललोय. अबू रीम, तू त्याचा इथला बाप. सांग त्याला. चोविसाव्या वर्षी दार उघडतं, पंचविसाव्या वर्षी शोधावं लागतं, सव्विसाव्या वर्षी भिंत असते."

यमानचे डोळे असे काही चमकले की मला त्याच्या पहिल्या दिवसाचे बूट दिसले. त्याने बाय क्रुमच्या गालाचा मुका घेतला. म्हातारा लाजला, शिवी देऊन निघून गेला.

त्याच आठवड्यात बापाचा निरोप आला. मुहन्नदचा भाऊ कॅनडात होता. आमच्या गावचे पुष्कळ लोक आता तिकडेच. त्याने यांच्यासाठी अर्ज केलेला होता, तो मंजूर झाला. मुहन्नद, रुबा आणि एक मुलगा. जानेवारीच्या शेवटी बैरूतहून विमान.

यमानने फोन लावला. मी शटर अर्धं ओढलं, फवाज आत येऊन उभा राहिला.

"आई, बाबांना सांग, वकिलाकडे जा. खरं सांगा. तैम तुझा आहे म्हणावं."

"हळू बोल, आई."

"कशाला हळू? दुकानात आहे मी, कचेरीत नाही."

"मग तू?"

"मी इथेच आहे. मला इथे काय कमी आहे?"

"म्हणजे येणार नाहीस."

"नाही येणार. चालेल."

"कुणाला चालेल?" ती एकदम म्हणाली, आणि तो आवाज मी आजवर ऐकला नव्हता. "एकदा एका लेकरासाठी दुसऱ्याला दार लावलं. आता त्याच्यासाठी तुला लावू? किती वेळा कापणार मला? आणि रुबा? तीन वर्षं रात्री उशाशी घेऊन झोपलीय ती त्याला. तिच्या कुशीतून ओढून काढू? तीही माझ्याच पोटची आहे ना?"

"तिला म्हणावं, दुसरं पोर आण."

"गप्प बस! बाईला असं बोलू नये." मग जरा थांबून, "इथे वीज दोन तास येते. तैमला खोकला झाला तर औषध हमा शहरातून आणावं लागतं. तिकडे तो शाळेत जाईल. मोठा होईल. अठरा वर्षांचा होईल आणि त्याला कुणी नेणार नाही. माझ्याकडे राहिला तर काय, एक दिवस तुझ्यासारखाच कचेरीच्या दारात उभा राहील."

"आई, तुला काय हवंय ते सांग. तुला."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तू ये," ती म्हणाली. "तो जाईल त्या दिवशी घरात एक तरी असू दे."

फवाज तोंड फिरवून बाहेर गेला. मी काहीतरी बोलायला हवं होतं, शिबिराचं, दाराचं आणि भिंतीचं. बाय क्रुमने मलाच तर सांगितलं होतं. पण मी शटरच वर ओढलं, आणि आज विचाराल तर मी तेव्हा गप्प बसलो ते बरोबरच केलं असं म्हणेन. आई बोलावते तेव्हा मधे कोण पडणार?

बाय क्रुमला कळलं तेव्हा त्याने मैदानावर सगळ्यांसमोर यमानची टोपी फेकली. "आईला भेटायला? सगळ्यांनाच आया असतात!" यमानने टोपी उचलली आणि तिकीट काढायला गेला.

ते लोक गेले तो दिवस मला त्याने पुढे पुष्कळ वेळा सांगितला, तुकड्यातुकड्याने. गल्लीत मोटार उभी. सगळे शेजारी दारात. आईने रुबाला बजावलं, त्याला भेंडी देऊ नकोस, अंगावर येते. झोपताना पाय उघडे राहू देत, नाहीतर रडतो. तैमला नवे बूट होते, त्यामुळे तो खुश. यमानने त्याला उचलून मोटारीत बसवलं. तैमने विचारलं, "मामा, आजी येणार नाही?" शेजारणी बघत होत्या. नातू परदेशी जाताना आजी जेवढी रडते, तेवढंच तिला रडता आलं. त्याहून एक थेंब जास्त नाही. घरात आली, दार लावलं, आणि मग यमान म्हणतो, तिने रडायचा प्रयत्न केला पण काही आलंच नाही. रात्री सहाजणांचा भात शिजवून बसली. खाणारे तिघं.

तो फेब्रुवारीत परतला. अंताल्याला शिबिर भरवणाऱ्या त्या क्लबाने तोवर एक सर्बियन पोरगा घेतला होता. चांगला होता तो, मी पाहिलाय खेळताना. त्याला शिव्या घालायलाही जागा नव्हती. यमान खाणवाल्यांकडेच खेळत राहिला, आणि त्याच वर्षी शरदात, एका चिखलाच्या सामन्यात, एकटा धावत असताना गुडघा फिरला. कुणी धक्काही दिला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या वर्षी परत झाली. बाय क्रुम इस्पितळात येऊन बसायचा आणि नर्सेसना शिव्या द्यायचा. सव्विसाव्या वर्षी क्लबाने हात जोडले. भिंतीचं बाय क्रुम बोलला होता, त्यातलं वय तरी चुकलं नाही.

मग तो माझ्याकडे कॉफी भाजायला लागला. हात चांगला होता. रविवारी लंगडत गल्लीतल्या पोरांना शिकवायचा. घरी मात्र दर सुट्टीत जायचाच, आता तर सुट्टीचं बंधनही नव्हतं. एकदा परत येऊन म्हणाला, "काका, मला घरी जायची भीती वाटते. आई दार उघडते, मला मिठी मारते, आणि मिठीतच माझ्या खांद्यावरून मागे बघते. अजून कुणी आलंय का, असं."

"तुझे भास आहेत," मी म्हणालो. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

चोवीस सालच्या डिसेंबरात तिकडचं राज्य कोसळलं. गल्लीत जे झालं ते सांगत नाही. रडलो, नाचलो, माझी सगळी मिठाई फुकट गेली आणि मला तिचं दुःख झालं नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी फवाज फोन हातात धरून धावत आला. "सक्तीची भरती बंद! ज्याला जायचं तो जाईल, बाकी कुणाला नेणार नाहीत. अरे, ऐकलंत का?" लोकांनी एकमेकांच्या टोप्या उडवल्या. मला जळका वास आला. वळून पाहिलं तर यमान भट्टीसमोर उभा, दांडा हातात, आणि कॉफी काळी होऊन धूर निघतोय. मी त्याच्या हातातून दांडा काढून घेतला. त्याला कळलंही नाही.

सांगा, कुणाला शिव्या घालायच्या? ज्या एका शिक्क्यासाठी एका बाईने पोटचं पोर दिलं, तो शिक्काच आता कुणी विचारत नव्हतं. मी त्या दिवशी दुकान बंद करून घरी गेलो आणि त्सवेतानापुढे लहान पोरासारखा रडलो. तिने विचारलं नाही कशासाठी. चांगली बाई आहे.

यमान कायमचा घरी गेला. पंचवीसच्या शरदात मीही गेलो, एकेचाळीस वर्षांनी. वफा आदल्याच हिवाळ्यात वारली होती. तिच्या कबरीवर जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी यमानकडे जेवायला गेलो. तो आता बापाच्या दुकानात मोटारसायकली बघतो. उम्म यमानने दार उघडलं. मी तिला फक्त आवाजाने ओळखत होतो. बावन्न वर्षांची बाई, केस पांढरे, हात सतत काहीतरी घडी घालत असलेले.

जेवण झालं. चहा फिरला. यमानने पुन्हा तोच, तैमचा विषय काढला. मला वाटतं माझ्यासमोर काढावा असं त्याच्या मनात होतं.

"आई, आता तरी बोल. आता मला कोण नेणार आहे?"

बाप म्हणाला, "आणि रुबा? तिकडच्या सरकारने विचारलं, खोटी नोंद का केली, तर? तिघांना परत पाठवतील. नाहीतर पोर भलत्याच घरी ठेवतील. बाबा, तू समजत का नाहीस?"

उम्म यमानने हातातला फडका खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"तेव्हा खरं बोलले असते तर हा गेला असता," ती म्हणाली. "आता बोलले तर ती तिघं जातील. अबू रीम, तुम्ही शिकलेले. मधे कधी एखादा दिवस होता का हो, खरं बोलायचा? माझ्याच ध्यानात आला नाही का?"

मी शिकलेला. चहा संपला तरी मी नळी ओढत राहिलो.

तेवढ्यात यमानचा फोन वाजला. इकडे संध्याकाळ झाली होती, तिकडे सकाळ. तैम पडद्यावर आला, समोरचे दोन दात पडलेले, अंगात फुटबॉलचा निळा सदरा, दोन नंबर मोठा. आमची भाषा तो आता अडखळत बोलतो, मधे मधे तिकडचे शब्द घुसतात.

"मामा, बघ! डावा पाय!" आणि त्याने स्वयंपाकघरातच चेंडू मारला. काहीतरी पडलं. मागून रुबा ओरडली. यमान हसला, खरंखुरं हसला, मला पहिल्यांदाच गावी आल्याचं बरं वाटलं.

"पायाची आतली बाजू वापर," यमान म्हणाला. "आज सामना आहे?"

"हो. आजी कुठंय? आजीला सांगायचंय."

ती समोरच बसली होती, फोनच्या मागे, हाताच्या अंतरावर. पोराचा आवाज आल्यापासून तिने पापणी लववली नव्हती. यमानने फोन तिच्याकडे वळवायला हात उचलला. तिने मान हलवली. पुन्हा एकदा, जोरात. तोंडावर ओढणीचा पदर दाबून धरला होता. तो जरा बाजूला केला.

"सांग त्याला," ती म्हणाली, "आजी झोपलीय."

यमान फोनकडे बघून म्हणाला, "आजी झोपलीय रे."

"बरं," तैम म्हणाला. "मग हळू बोलू या." आणि तो आवाज अगदी बारीक करून, कुजबुजत, आम्हाला आपल्या सामन्याचं सांगत राहिला.